किल्लीवाले अण्णा आणि काळजीची गोळी

दिवाळी उलटली की आमच्या वस्तीत एक माणूस वाजत फिरायला लागतो. गळ्यात बैलाचा जुना चामडी पट्टा, पट्ट्यात ओवलेल्या साऱ्या वस्तीच्या किल्ल्या, आणि पाऊल टाकलं की छुन छुन. तो एकेका दारापुढे थांबतो, कुलूप मुठीत धरतो आणि तीनदा ओढतो. तिसऱ्या ओढीला स्वतःशीच म्हणतो, "हाय." म्हणजे कुलूप आहे, जागेवर आहे, लागलेलं आहे. मग पुढच्या दाराकडे निघतो. चार पावलं जातो न जातो तोच थांबतो, डोकं खाजवतो, मागे येतो आणि पुन्हा तीनदा ओढतो.

हे आमचे रंगनाथ अण्णा. माझे शेजारी. वय विचारलं तर म्हणतात, "लई झालं." त्यापुढे त्यांनाही माहीत नाही.

शिरूर कासारचं पाणी तुम्हाला ठाऊक नसेल, कारण ते नसतंच. त्यामुळे दिवाळी झाली की आमच्या वस्तीत ट्रक आणि ट्रॅक्टर येऊन उभे राहतात. कोयते, भांडी, अंथरुणं, कोंबड्या आणि धाकटी लेकरं भरून माणसं ऊस तोडायला कारखान्यांकडे निघून जातात, ती गुढीपाडव्याच्या सुमाराला परततात. मधल्या काळात वस्तीत उरतात म्हातारी माणसं, कुत्री आणि मी. मी उरतो, कारण वस्तीच्या तोंडाशी माझं मेडिकल आहे.

जाताना जो तो आपली किल्ली अण्णांच्या हातात ठेवतो. ओळखायला किल्लीला घरातल्याच कापडाची चिंधी बांधायची, अशी आमच्याकडची रीत. पिवळी चिंधी म्हणजे सखूबाईचं घर, कारण ती तिच्या लग्नातल्या लुगड्याची. निळ्या चौकटीची म्हणजे ऊसतोड टोळीच्या मुकादमाचं, त्याच्या जुन्या लुंगीची. एका साली अण्णांना वाटलं, चिंध्या मळल्यात. त्यांनी सगळ्या सोडून एका बादलीत भिजत घातल्या. त्यात कुणाची तरी लालभडक चिंधी होती. संध्याकाळी बघतात तर सारी वस्ती गुलाबी. पुढचे कितीतरी दिवस अण्णा प्रत्येक कुलपात प्रत्येक किल्ली घालून बघत होते, आणि वस्तीतल्या म्हाताऱ्या एकमेकींना सांगत होत्या की अण्णाचं काही खरं नाही, आता चोरी करायला लागला.

माझ्यावर त्यांचा फार जीव. इतका, की त्या जिवापायी मी एकदा कोंडला गेलो.

दुपारी गिऱ्हाईक नसलं की मी शटर अर्धं खाली ओढून गल्ल्यामागे आडवा होतो. अण्णांच्या मते अर्धं शटर म्हणजे चोराला दिलेलं आवतण. एका दुपारी त्यांनी ते पूर्ण खाली ओढलं, खिशात एक जादा कुलूप नेहमी असतंच ते लावलं, तीनदा ओढलं आणि "हाय" म्हणाले. त्या "हाय"नं मी जागा झालो. आत काळोख. मी शटरवर थापा मारल्या.

"कोण हाय बे आत?"

"अण्णा, मी विजू."

"विजू न्हाई दुकानात. शटर लावलेलं हाय."

"ते तुमीच लावलंय की आत्ता."

बाहेर थोडा वेळ विचार चालला. मग आवाज आला, "तू विजू असशील तर तुझ्या बापाचं नाव सांग."

मी सांगितलं.

"ते तर समद्या शिरूरला म्हाईत हाय."

शेवटी त्यांनी माझ्या बायकोला फोन लावला आणि विजू घरी आहे का विचारलं. ती म्हणाली, घरी नाहीत. "बगा, घरी बी न्हाई," असं मलाच ऐकवून त्यांनी अखेर कुलूप काढलं. मी घामाघूम होऊन बाहेर आलो, तर वर मलाच बोलणी. "दुकानात झोपावं कावून माणसानं? घरी काय खाट न्हाई?" आणि मी बाहेर आलोय हे बघून त्यांनी शटर पुन्हा लावलं, तीनदा ओढलं.

अण्णांची काळजी फक्त कुलपांपुरती असती तर निभावून गेलं असतं. पण किल्ली दिली म्हणजे घरातली सगळी काळजी दिली, असं लोक धरून चालतात आणि अण्णाही तसंच मानतात. तिकडे उसाच्या फडात मोळ्या बांधता बांधता सखूबाईला आठवतं की निघताना देव्हाऱ्यातला दिवा विझवला की नाही. ती फोन करते. दिवाळीला लावलेला दिवा माघ महिन्यात कसा तेवत असेल, हा प्रश्न तिलाही पडत नाही आणि अण्णांनाही. ते म्हणतात, "थांब, बगून येतो जरा." जातात, कुलूप काढतात, देव्हाऱ्यात डोकावतात, कुलूप लावतात, तीनदा ओढतात आणि फोन करून सांगतात, "इझलाय." सखूबाईला हायसं वाटतं. अण्णांना नाही. त्यांना आता कणगीतल्या उंदरांची काळजी लागलेली असते.

"बगून येतो जरा" हा त्यांचा परवलीचा शब्द. आणि भेटेल त्याला पहिला प्रश्न, "लागलंय ना?" राम राम नाही, कसा आहेस नाही. एकदा लग्नात नवऱ्या मुलावर अक्षता टाकून झाल्यावर त्यांनी त्याच्या कानात हेच विचारलं. तो बिचारा लाजला.

गंमत म्हणजे त्यांच्या स्वतःच्या घराला कुलूपच नाही. दार नुसतं लोटलेलं असतं. गयाकाकू, म्हणजे अण्णांची बायको, जाऊन बरीच वर्षं झाली. एक लेक तलवाड्याला दिली, ती तिच्या संसारात. "तुमच्या घराला कुलूप कावून न्हाई?" म्हणून मी एकदा विचारलं होतं. म्हणाले, "आत हाय काय लावाया?" आणि पिवळी चिंधी शोधायला लागले.

दोन वर्षांमागच्या हिवाळ्यात अण्णा वाळायला लागले. हात थरथरायचे. किल्ली कुलपात जायच्या आधी दोनदा बाजूला लागायची. छातीत धडधडतं म्हणायचे, झोप नाही म्हणायचे, भाकरी अर्धी टाकून उठायचे. फिरताना चार पावलांवरून मागे येणारा माणूस आता आठ दारांवरून मागे यायला लागला. मी म्हणायचो, दवाखान्यात चला. ते म्हणायचे, "समदे येऊ दे, मग बगू."

तेवढ्यात कुणीतरी आपल्या मेव्हण्याची उरलेली झोपेची गोळी त्यांना दिली. गावात मेडिकल माझं, पण सल्ला सगळ्यांचा. अण्णा त्या गोळीवर असे झोपले की दुसऱ्या दिवशी दुपारी उठले, आणि उठले तरी भिंत धरून चालत होते. मधल्या वेळात कुणाची तरी शेळी सखूबाईच्या अंगणात शिरली आणि तुळस मुळापासून खाऊन गेली. अण्णांनी नवं रोप आणून लावलं, पण मनाला लावून घेतलं ते घेतलंच. तेव्हापासून त्यांचं मत पक्कं झालं, गोळी म्हणजे पेंग आणि पेंग म्हणजे शेळी.

अखेर एका सकाळी ते माझ्या दुकानात येऊन बाकावर बसले, छातीवर हात दाबून धरला आणि म्हणाले, "विजू, हे सुटलंय." चेहरा पांढराफटक. मी शटर ओढलं आणि त्यांना घेऊन बीडची एसटी धरली. त्या अवस्थेतही त्यांनी शटर एकदा ओढून बघितलं.

बीडच्या दवाखान्यात छातीचा आलेख काढायचा होता. तिथला माणूस म्हणाला, बाबा, अंगावरचं लोखंड काढून ठेवा. अण्णांनी पट्टा काढला, पण ठेवायला तयार नाहीत. मला म्हणाले, "दोन्ही हातांनी धर." मी अख्ख्या वस्तीची घरं छातीशी धरून उभा राहिलो. आलेख चांगला आला. हृदय ठणठणीत. अण्णांना ते काही पटलं नाही. "हृदय चांगलं हाय म्हंता, मग धडधडतंय कावून?"

दवाखान्यातल्यांनी आम्हाला वरच्या मजल्यावर मनाच्या डॉक्टरीणबाईंकडे पाठवलं. तरुण होत्या, पण ऐकून घेणाऱ्या. त्यांनी विचारलं, "बाबा, झोप लागते का?"

"न्हाई."

"कधी लागलीच तर?"

"लागली तर जाग येती, की लागली कशी."

बाई हसल्या नाहीत, यावरून मला त्यांची पात्रता कळली. त्यांनी सावकाश सगळं विचारलं. दुसरी कुठली औषधं चालू आहेत का, ती झोपेची गोळी किती दिवस घेतली, मूत्रपिंडाचा किंवा काविळीचा काही त्रास झाला होता का. दारू घेता का विचारल्यावर अण्णांनी गळ्यातल्या तुळशीच्या माळेला हात लावला आणि माझ्याकडे असं बघितलं, जणू मीच चहाडी केली.

मग बाईंनी समजावलं. याला चिंतेचा आजार म्हणतात, आणि तो बरा होतो. त्यांनी लिहून दिलं बुस्पिरोन. म्हणाल्या, "ही चिंतेची गोळी आहे, झोपेची नाही. त्या झोपेच्या गोळ्यांच्या जातीची ही नव्हे. सहसा पेंग येत नाही, हिची सवयही लागत नाही. पण हिचा गुण लगेच दिसत नाही. दोन-चार आठवडे तरी नेमानं घ्यावी लागेल. धडधडलं की घेतली आणि बरं वाटलं की सोडली, असं करायचं नाही. सुरुवातीला जरा गरगरेल, मळमळेल, तर उठताना सावकाश उठा. जेवणाबरोबर घेणार असाल तर रोज जेवणाबरोबरच घ्या." शेवटी त्यांनी एक फळही वर्ज्य सांगितलं. पपनसाच्या जातीचं असतं, त्याचा रस पोटात गेला तर गोळीचं अंगातलं प्रमाण वाढतं.

माझ्या धंद्यात हे सगळं मी रोज वाचतो. पण गोळी विकणं वेगळं आणि अण्णांना गोळी देणं वेगळं, हे मला दुसऱ्याच दिवशी कळलं.

"काय फरक न्हाई," अण्णा सकाळी सातला दुकानाच्या पायरीवर हजर.

"अण्णा, कालच तर सुरू केली."

"काल घेतली म्हंजे झाली की एक रात. एवढ्यात युरिया बी लागू होतो."

"अण्णा, हे ठिबकवानी हाय. थेंब थेंब मुरायला वेळ लागतो."

ते ठिबक त्यांना पटलं. पण रोज सकाळी येऊन मुरलं का विचारायला लागले. आणि गोळीपेक्षा जास्त त्रास त्या फळाने दिला. पपनस आमच्या भागात दिसत नाही. ज्याची भीती घातली ती वस्तूच दिसत नसेल, तर अण्णांसारख्या माणसाने काय करायचं? ते रोज बाजारात रफिकभाईंच्या फळाच्या गाड्यावर जायला लागले.

"पपनस आलंय का?"

"नै आया अण्णा. होना क्या?"

"नको. आलं तर मला देऊ नको."

रफिकभाई भला माणूस. पहिले काही दिवस त्यांनी ऐकून घेतलं. मग मोसंबी सोलता सोलता सुरी खाली ठेवून म्हणाले, "अण्णा, जो फल मैं जिंदगी में देख्याच नै, वो तुमकू कैसा देऊँ?" त्यावर अण्णांनी मोसंबीकडे संशयाने बघितलं. मोसंबी बिचारी वेगळी, पण दिसायला त्याच घरातली. रफिकभाई लई काळजीत असतो, त्याला पण एक गोळी दे की, असा सल्ला वर अण्णांनी मला दिला. दुसऱ्याची गोळी तिसऱ्याला देत नसतात, हे मी त्यांना त्या शेळीची आठवण करून देऊन समजावलं.

थोडंसं गरगरणं झालं, ते गेलं. महिना झाला. ते वेळेवर यायचे, वेळेवर पाकीट न्यायचे. पण मला काही फरक दिसेना. उलट किल्ल्यांचा आवाज वाढला होता. मी दुकानात बसून ऐकायचो, छुन छुन पुढे, छुन छुन मागे. मुकादमाचं कुलूप एकाच सकाळी किती वेळा ओढलं, त्याचा हिशेब मी सोडून दिला. तिकडे फडावरही कुजबुज सुरू झाली. एका दिवसात चार-चार फोन करून अण्णा विचारायचे, तुमच्या घराला मागचं दार हाय का? मुकादमाने मला फोन केला. "विजूभाऊ, म्हातारं आता थकलंय. पुढल्या साली किल्ल्या तुमच्याकडंच ठेवू का?" मी म्हणालो, बघू. पण मला ठाऊक होतं, तो पट्टा गळ्यातून काढला तर त्या गळ्यात दुसरं काही उरणार नव्हतं.

मग सखूबाईच्या दाराचं ते प्रकरण झालं.

संध्याकाळी मी दुकानातून परतत होतो. सखूबाईच्या उंबऱ्यावर अण्णा दाराला पाठ लावून बसलेले. तोंड सुकलेलं. सकाळपासून ते तिथेच होते, पाण्याचा घोटही घेतला नव्हता. मांडीवर सखूबाईचं कुलूप, आणि कुलपात अडकलेला आख्खा कोयंडा, खिळ्यांसकट फळीतून उपटून आलेला. ओढून ओढून त्यांनी दारच उघडं पाडलं होतं.

"विजू," ते म्हणाले, "चोर मीच निघालो बे."

मला हसू यायला हवं होतं. एरवी आलंही असतं. पण ते त्या कोयंड्याचे वाकलेले खिळे बोटांनी सरळ करत होते. मी त्यांच्याजवळ उंबऱ्यावर बसलो. सुतार सांगावा धाडला की येतो, नवा कोयंडा बसतो, सखूबाई काही म्हणणार नाही, असं बरंच बोललो. मग विचारलं, "अण्णा, खरं सांगा. गोळी घेताय ना?"

त्यांनी कोयंडा खाली ठेवला. "सुरवातीला घेतली. मग ठिवली."

"कुठं?"

"मटकीच्या डब्यात."

"मग पाकीट नेताय कावून?"

"न्यायचं सोडलं असतं तर तुला वाईट वाटलं असतं."

मी कपाळाला हात लावला. ते मान खाली घालून बोलत राहिले. "तू म्हनला, ही गोळी काळजी घालवती. मला वाटलं, मग घरं कोण बगंल? लोकं किल्ली मला देतेत ते मी लई शहाणा म्हणून न्हाई. मला काळजी हाय म्हणून देतेत. ती बी गेली तर माझ्यापाशी काय राहिलं?"

याचं उत्तर माझ्या कुठल्याही पाकिटाच्या मागे छापलेलं नव्हतं. म्हणून सुतार येऊन गेल्यावर मी त्यांना पुन्हा बीडला नेलं आणि हा प्रश्न जसाच्या तसा डॉक्टरीणबाईंपुढे ठेवायला लावला. आधी त्यांनी अण्णांना रागे भरलं. गोळी आपल्या मनाने सोडायची नसते, अडचण असेल तर विचारायचं असतं. मग पेन खाली ठेवलं. म्हणाल्या, "बाबा, मला तुमची घरं कुठं माहीत आहेत? मी फक्त धडधड कमी करणार. गोळी नेमानं घ्या, आणि मग तुम्हीच येऊन मला सांगा, काय गेलं आणि काय राहिलं."

हे अण्णांना व्यवहाराचं वाटलं. त्या दिवसापासून ते सकाळी भाकरी बांधून माझ्या दुकानात यायला लागले आणि संध्याकाळीही. बाकावर बसून भाकरी खायची, माझ्या डोळ्यांदेखत गोळी गिळायची आणि जीभ बाहेर काढून दाखवायची. मी नको म्हणालो तरी दाखवायचीच. ज्याने आयुष्यभर दुसऱ्याची कुलपं तपासली, त्याला स्वतःची तपासणी अर्धवट राहिलेली कशी चालेल?

फरक मला दिसला नाही, ऐकू आला. आधी मागे येणारी पावलं कमी झाली. मग तीनाच्या दोन ओढी झाल्या. भाकरी पुरी संपायला लागली, वर माझ्या डब्यातल्या चटणीवर नजर जायला लागली. झोप लागायला लागली आणि लागली कशी म्हणून जाग येईनाशी झाली. आणि एका सकाळी सखूबाईच्या दाराशी किल्ल्या एकदाच वाजल्या. एकच "हाय" ऐकू आलं, आणि छुन छुन करत पावलं पुढे गेली ती गेलीच. मी हातातलं पाकीट खाली ठेवून कान देऊन बसलो. मागे आली नाहीत. मला इतका आनंद झाला की समोरच्या गिऱ्हाइकाला मी खोकल्याच्या औषधाऐवजी पट्टी देत होतो.

पाडव्याला वस्ती भरली. ट्रॅक्टरमधून माणसं उतरली, काळवंडलेली, थकलेली, बडबडणारी. जो तो अण्णांपुढे येऊन आपली चिंधी ओळखायचा आणि पट्ट्यातून किल्ली सोडवून घ्यायचा. सखूबाईने नवा कोयंडा हलवून बघितला आणि म्हणाली, "अण्णा, बरं केलं उपटला. तो माझ्या सासूच्या काळातला, मलाच नको झालता." सगळे हसले, अण्णाही हसले. मुकादम माझ्याकडे बघून म्हणाला, "राहू द्या विजूभाऊ, पुढल्या साली बी अण्णाच." चुली पेटल्या, पोरं ओरडायला लागली, कोंबड्या आपापली अंगणं शोधायला लागल्या. तासाभरात पट्टा रिकामा झाला.

संध्याकाळी अण्णा भाकरी घेऊन दुकानात आले. गळ्यात रिकामा पट्टा. चालले तरी आवाज नाही. गोळी घेतली, जीभ दाखवायला विसरले.

"अण्णा, धडधडतंय का?"

"थोडं." मग रिकामा पट्टा चाचपत म्हणाले, "पाडव्याला होतंच. दरसाल."

"दरसाल? मला वाटायचं कुलपांमुळं होतंय."

"कुलपं असली की कुणीतरी फोन करतंय, बाळा. दिवा इझलाय का इचारतंय. आता समदे घरी हायत. आता कोण इचारतंय?" त्यांनी भाकरीचं फडकं नीट घडी घालून खिशात ठेवलं. इतकी वर्षं शेजारी राहून मला वाटत होतं, या माणसाला वस्ती रिकामी झाल्याचं दुःख होतं. ते वस्ती भरल्याचं होतं, हे कधी डोक्यात आलंच नव्हतं.

पण ते अंथरुणाला खिळले नाहीत, दर पाडव्यानंतर खिळायचे तसे; तो मला फेऱ्यांचा शीण वाटायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान उघडत होतो, तर अण्णा नेहमीच्या वेळेला फेरीवर निघालेले. किल्ल्या नाहीत, कुलपं नाहीत. तरी प्रत्येक दारापाशी थांबत होते. लोटलेल्या दाराच्या फळीवर तळवा टेकवायचे, क्षणभर थांबायचे आणि पुढे जायचे. आतल्यांना पत्ताही नव्हता.

दुकानाशी आले तेव्हा मी विचारलं, "अण्णा, आता काय बगताय?"

ते जरा ओशाळले. "बंद घराचं दार मुकं असतंय. हात लावला तर काई लागत न्हाई. आत माणूस असलं की फळी हालती जरा जरा. कुणी भाकरी थापतंय, कुणी पोर नाचतंय. ते हाताला लागतंय." मग रफिकभाईंच्या गाड्याकडे बघत म्हणाले, "डॉक्टरीणबाईला सांग, धडधड लई गेली. हे राहिलं."

त्या दिवशी सकाळी जाताना ते नवं पाकीट न्यायचं विसरले होते. संध्याकाळी ते भाकरीला आले नाहीत, म्हणून दिवेलागणीला मीच ते घेऊन त्यांच्या घरी गेलो. दार नेहमीसारखं लोटलेलं. मी हाक मारली. अण्णा संध्याकाळच्या फेरीवर असणार. दार आत ढकलण्याआधी माझा हात आपोआप फळीवर टेकला गेला. का टेकवला, मला सांगता येणार नाही. चारी बाजूंना वस्ती गजबजलेली, पलीकडे सखूबाई कुणावर तरी ओरडत होती. त्या फळीत काहीच नव्हतं.

रोज या दारावरून दुकानात जातो, रोज यांना हाक मारतो. यांच्या दाराला कुणी हात लावून बघितला होता?

मी आत गेलो. पाकीट मटकीच्या डब्यावर, दिसेल असं ठेवलं. चुलीत काटक्या घातल्या, पेटवल्या. चहाचं पातेलं शोधलं, ते शोधताना दोन भांडी पडली, ती मी उचलायची घाई केली नाही. बायकोला फोन करून सांगितलं, माझं ताट इकडेच पाठव, अण्णांचंही पाठव. चहा उकळायला लागला तसा मी उगाच घरभर फिरलो, पाय आपटत, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

बाहेर पावलं आली आणि दारापाशी थांबली. किल्ल्या नव्हत्या, पण ती चाल मी झोपेतही ओळखेन. दार ढकललं गेलं नाही. फळी जराशी दबली, हात टेकल्यासारखी. मी पातेल्यात चमचा जोरात फिरवला.

"कोण हाय बे आत?"

"मी, अण्णा. विजू."

या वेळी त्यांनी माझ्या बापाचं नाव विचारलं नाही. हात बराच वेळ फळीवर तसाच होता. मग बाहेरून, अगदी हळू, एकदाच आवाज आला.

"हाय."